मेंढरं किती, साहेब इचारत्यात

डोक्याला ताप नुसता! चैत तापल्याला, नदी समोर दिसतीया, आन मेंढरं तारंला नाक लावून उभी. कोळवणच्या खोऱ्यात आमच्या बापजाद्यांपासनं मेंढरं ज्या वाटंनं पान्याला उतरायची, ती वाट पुन्याच्या कुन्या साहेबानं आपल्या फारमहौसात घेतली आन चौफेर तार ठोकली. डांबरीवरनं लांबनं न्यावं तर जीपा अंगावर येत्यात. एक गाभन मेंढी तशीच चिरडली. तलाठ्याकडं गेलो, सरपंचाकडं गेलो. समदी म्हनत्यात, बघू. आरं, बघू-बघू म्हनून तहान भागती व्हय?

त्यात आली अपेक्षा. लातूरकडची पोरगी, हिंजवडीला कंपनीत कामाला, जांब्यात खोली घिऊन ऱ्हाती. दिवाळीनंतर आमी जांब्याच्या शेतात खतासाठी मेंढरं बसवतो, तवा ही कोकरं खेळवाय यायची. तितनं लळा लागला.

म्हनली, "मावशी, आता आमदारांना कंप्युटरवरून प्रश्न पाठवता येतो. ते अधिवेशनात मांडतात, उत्तरही येतं."

म्हनली काय आन मांडीवर कंप्युटर घिऊन बसली काय! मी कोकरं पाजाय गेले. आमच्या मालकांनी सांगितलं, तिनं लिवलं. पंधरवड्यानं उत्तर घिऊन आली ती तोंड पाडूनच. वाचून दावलं, 'प्राणी चारच असल्याने स्वतंत्र वाटेची आवश्यकता नाही. मालकाने घरीच पाण्याची सोय करावी.'

"चार? कुनी सांगितलं चार?"

"मामांनीच. मी विचारलं मेंढ्या किती, तर म्हणाले, हायेत की चार-दोन."

मी कपाळावर हात मारला. आता ह्या पोरीला काय सांगू! आमच्यात मेंढरांचा आकडा कुनी तोंडानं काढत न्हाई. जावयानं इचारलं तरी चार-दोनच. आकडा बोललं की नजर लागती, रोग येतो, कळपच्या कळप मरतो. मोजायची ती मनात. आन हिनं खरंच चार लिवलं. हसावं का रडावं!

अपेक्षा म्हनली, अजून एक संधी हाय. सोमवारी पौडाला हॉलमधी पडदा लावनार हायेत, मुंबैतनं आमदार त्यात दिसनार, आपल्याशी बोलनार.

"आवं, ह्या येळंला खरं सांगा," मी मालकांना म्हनले. मालक काठी घिऊन भाईर गेलं.

सोमवारी हॉलात मालकांचा पाय एका जागी ठरंना. उठायचं, दारात जायचं, ऊन बघायचं, परत बसायचं. घरी आमचा थोरला सिद्धनाथ एकलाच कळपापाशी. मेंढरं कालपासनं अर्धपोटी पान्यावर, माना टाकाय लागल्याली. हितं मातूर लोकांचं रस्तं आन लाईट संपता संपंना. पडद्यावर आमदाराचं तोंड मधीच आ वासून थिजायचं, आवाज मागनं यायचा. मला वाटलं, उठावं आन त्यो पडदाच फाडावा.

शेवटी पुकारलं, "म्हसू ढेबे, कोळवण."

मालक उठलं. माईक हातात, घामानं सदरा भिजल्याला.

आमदार म्हनलं, "मामा, तुमचा प्रश्न माझ्यासमोर आहे. चार मेंढ्यांसाठी वाट मागताय? नक्की किती मेंढ्या?"

"असत्याल... देवाच्या दयेनं... चार-दोन."

हॉल खदाखदा हसला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. धावले, माईक हिसकला, "दोनशे अकरा हायेत! दोनशे अकरा!"

मालकांचं तोंड पांढरंफटक पडलं. "तुके, काय केलंस गं," येवढंच म्हनलं.

पडद्यावर बघते तर आमदाराचं तोंड थिजल्यालं. यंत्रावरचा मानूस म्हनला, "लाईन गेलीय, आवाज पोचला नाही."

आगं आई गं! समद्या मुळशी तालुक्यानं आकडा ऐकला, आन ज्यानं ऐकायचा त्यानंच न्हाई!

लाईन आली. आमदार म्हनलं, "हं, पुढचा प्रश्न." मला वरडायचं हुतं, पर येकदा रागात तोंडातनं गेलं, दुसऱ्यांदा धीर कुटनं आनू?

तवा मालकांनी माझ्या हातनं माईक काढून घेतला. पागोटं काढून बगलंत धरलं.

"दोनशे अकरा, साहेब. लिवून घ्या. नजर लागून मेली तर देवाला जाब इचारीन. तहानंनं मेली तर कुनाला इचारू, तुमीच सांगा."

बोलनं मुंबैला पोचाय येळ लागला. पोचलं तसं आमदाराचं हसू गेलं. "मामा, उद्या वाट मोकळी करून देतो."

टाळ्या पडल्या. मालक माईक सोडंनात. "उद्या न्हाई. आज सांच्याला पानी पायजे."

"अहो, आदेश निघायला वेळ लागतो."

"मेंढराला आदेश कळत न्हाई, साहेब."

आमदार मंग म्होरल्या रांगंत बसल्याल्या नायब तहसीलदारांना म्हनलं, "अण्णासाहेब, तुम्ही आत्ताच यांच्याबरोबर जा. नकाशात वाट असेल तर तार आज निघाली पाहिजे."

नकाशात वाट हुती. ती कवाच हुती, कुनी उघडून बघितलं न्हवतं.

तार सुटली तवा दिस कलला हुता. मेंढरं थांबत्यात व्हय! येकमेकींच्या अंगावरनं पान्यात घुसली. काठावर बसून मी धाय मोकलून रडले. भरल्या हॉलात पयला आकडा मी काढला हुता. ह्या मुक्या जिवांना कायबी झालं तर पाप माझंच.

मालक मागनं आलं. कैक वर्सांत माझ्याशी इतकं हळू बोललं नसतील.

"रडतीस कशाला? तुझा आकडा मुंबैला पोचलाच न्हाई. माझा पोचला. काय व्हायचं ते माझ्या माथी. ऊठ, मागं सर, कोकरं तुडवली जात्यात."