बंद घराचं फिरतं मीटर

रविवारी सकाळी दहाला गच्चीवर चाळीस-पन्नास माणसं जमली होती आणि सगळ्यांचे डोळे पाण्याच्या एका मीटरवर लागले होते. मीटर तिसऱ्या मजल्यावरच्या नागोरावांचं. घराला कुलूप, किल्ली चेअरमन उत्तरेश्वर यांच्या मुठीत, आत चिटपाखरू नाही. तरी काचेखालचं लाल चक्र सावकाश, पण न थांबता फिरत होतं.

"फिरतंय हो! खरंच फिरतंय!"

"आत कुणी नाही ना?"

"अहो, कुलूप मी स्वतः लावलंय," उत्तरेश्वर म्हणाले. "मी काय झोपेत लावलं का?"

"माझ्या तर अंगावर काटा आला बाई."

नागोराव टाकीला टेकून उभे होते. त्यांच्या अंगावर काटा नव्हता, डोक्यात तिडीक होती. धायरीच्या या सोसायटीत पाणी बोअरचं आणि टँकरचं. भांडणं नकोत म्हणून गच्चीवर टाकीपाशी प्रत्येक घराचं वेगळं मीटर बसवलं होतं. बायको इंदुबाई गेल्यापासून नागोराव एकटे राहत होते आणि गेले तीन महिने त्यांना पाच माणसांच्या घराएवढं बिल येत होतं. पहिल्या महिन्यात ते ऑफिसात जाऊन भांडले. मीटर बदलून मिळालं, बिल तेवढंच आलं. दुसऱ्या महिन्यात प्लंबर आणला. दाखवले तेवढ्या नळांचे वायसर त्याने बदलले आणि "काका, गळती नाही" म्हणून चहा पिऊन गेला. तिसऱ्या महिन्यात त्यांचा मुलगा दिग्विजय यज्ञेश्वर महाराजांना घेऊन आला.

दिग्विजय हिंजवडीला सॉफ्टवेअरमध्ये होता, वारज्याला राहत होता. दिवसभर कॉम्प्युटरच्या चुका शोधून काढण्याचा त्याला पगार मिळत होता.

महाराज पांढऱ्या गाडीतून आले होते. भगवी शाल, कमरेला मोबाइल. आवाज मात्र कमावलेला.

"आत्मा म्हणजे काय?" त्यांनी गर्दीवर नजर फिरवली. "आत्मा म्हणजे सॉफ्टवेअर. देह म्हणजे हार्डवेअर. इंदुबाईंचं हार्डवेअर अग्नीला दिलं, पण प्रोग्रॅम बंद झालाय का? नाही! तो रन होतोय! तहान, तहान, तहान! माउली चार महिने पाणी पितेय आणि तिची तहान भागत नाही!"

कंपनीतली दोन-तीन पोरं माना डोलवू लागली. सॉफ्टवेअर म्हटलं की धायरीत तेव्हा काहीही खपत होतं.

तहान या शब्दावर नागोरावांनी मान खाली घातली. इंदुबाईंची दोन्ही मूत्रपिंडं गेली होती. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, आणि दिवसाला सगळं मिळून तीन पेले पाणी, चहा-आमटी धरून. ते पाणी मोजून देण्याचं काम नागोरावांचं. उन्हाळ्यात ती ओठांवरून जीभ फिरवायची आणि म्हणायची, "अहो, एक घोट. कुणाला सांगू नका." ते द्यायचे नाहीत. उठून दुसऱ्या खोलीत जायचे.

ती गेली त्या दिवशीही तिने पाणी मागितलं होतं. दिग्विजयने ते ऐकलं होतं. बाप-लेकात तेव्हापासून कामापुरतं बोलणं होतं.

महाराजांनी पिशवीतून लाल कापड काढलं. मीटरशेजारच्या पाइपाला ते गुंडाळलं, वर दोन्ही हात ठेवले आणि डोळे मिटून पुटपुटायला लागले. हातांवर शाल घरंगळली. मिनिटभराने ते ओरडले, "माउली, थांब!"

चक्र थांबलं.

गच्चीवर एकच गलका झाला. कुणी हात जोडले, कुणी लेकराला पुढे करून महाराजांच्या पायांवर घातलं. उत्तरेश्वर यांनी किल्ली खिशात टाकून साष्टांग नमस्कार घातला.

"हे तात्पुरतं आहे," महाराज म्हणाले. "उद्या सकाळपर्यंत या घरात कुणी नळ उघडायचा नाही. पुढे मठात तृषाशांती करावी लागेल. खर्चाचं दिग्विजयशी बोललोय. पण त्याआधी एक गोष्ट. काका, इकडे या."

नागोराव गेले.

"जिला तुम्ही तहानलेली ठेवलीत तिची क्षमा मागा. चारचौघांत, मोठ्याने. म्हणा, मी माझ्या बायकोला पाण्यावाचून मारलं."

"बाबा, प्लीज," दिग्विजय म्हणाला. त्याचे डोळे लाल होते. "एकदा म्हणून टाका. तिच्यासाठी."

चार महिने हे वाक्य नागोरावांच्या छातीत होतंच. बाहेर काढायचं तेवढं बाकी होतं. म्हणून टाकलं तर मुलगा पुन्हा बोलेल, घरी येईल. त्यांनी तोंड उघडलं. "मी..."

"थांबा हो नागोराव." मागून कांताबाई पुढे आल्या. त्या दुसऱ्या मजल्यावर राहायच्या. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या, त्यामुळे सगळी सोसायटी त्यांना बाई म्हणायची. "कबुलीजबाब नंतर द्या. आधी ते कापड सोडा."

"कापडाला स्त्रीचा हात चालणार नाही!" महाराज म्हणाले.

"मग पुरुषाचा लावू. नागोराव, तुम्ही आयुष्यभर काय काम केलंत?"

"फिटर होतो. भोसरीला."

"तर मग सोडा."

नागोरावांनी गाठ सोडली. कापडाखाली व्हॉल्व्हची पितळी मूठ होती. शेजारच्या घरांच्या मुठी पाइपाच्या रेषेत होत्या, ही तेवढी आडवी. त्यांनी अशा मुठी जन्मभर फिरवल्या होत्या. त्यांना स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली. समोर होतं आणि दिसलं नाही.

"हा व्हॉल्व्ह बंद केलाय," ते म्हणाले. त्यांनी मूठ सरळ केली. चक्र फिरू लागलं. आडवी केली. थांबलं.

"माउली थांबली, माउली निघाली," कांताबाई म्हणाल्या. "अहो उत्तरेश्वर, उठा आता, पॅन्ट मळेल."

कुणीतरी फिसकन हसलं. पण महाराज कच्चे नव्हते. "ठीक! व्हॉल्व्ह तर व्हॉल्व्ह! पण बंद घरात पाणी पितंय कोण, ते सांगा की बाई!"

गर्दी पुन्हा गंभीर झाली. दिग्विजयही म्हणाला, "बाई, हा पॉइंट व्हॅलिड आहे."

"आहे ना. नागोराव, घरात पाण्याच्या जागा किती?"

"स्वयंपाकघरात दोन. बाथरूमात तीन. हॉलजवळचा संडास. सगळं तपासलंय."

"आणि बेडरूमच्या आतला संडास?"

नागोराव घुटमळले. "ती खोली मी उघडत नाही. तेराव्यानंतर बंदच आहे."

"खोली बंद आहे. पाइप बंद आहे का?"

प्लंबरलाही नागोरावांनी त्या दारावरून पुढे नेलं होतं. तिचा पलंग, तिची औषधं, उशीवरचा डाग. परक्या माणसाने ते पाहू नये म्हणून.

नागोरावांनी मूठ पुन्हा सरळ करून ठेवली आणि कांताबाईंनी आपल्या घरून निळीची बाटली आणली. उत्तरेश्वर यांनी कुलूप काढलं आणि अर्धी गच्ची खाली आली. महाराज दारातच थांबले. संडासात जाणं त्यांच्या व्रतात बसत नव्हतं. नागोरावांनी खोलीचं दार ढकललं. पलंगाकडे न बघता ते सरळ आत गेले.

कांताबाईंनी फ्लशच्या टाकीचं झाकण जरा सरकवून आत नीळ ओतली. "आता कुणी हात लावायचा नाही. खाली भांड्यात बघा."

मिनिट गेलं. मग कमोडच्या मागच्या बाजूने कागदासारखा पातळ निळा पदर खाली उतरला. आवाज जवळजवळ नव्हताच.

"निळं झालं!" दारातून कुणीतरी ओरडलं.

नागोरावांनी झाकण पूर्ण काढलं. आत वाळू भरलेली एक प्लास्टिकची बाटली आडवी पडली होती, आणि तिच्या मानेखाली तरंगता फुगा अडकला होता. फुगा वर येईना, त्यामुळे येणारं पाणी बंद होईना. जास्तीचं पाणी आतल्या नळीतून रात्रंदिवस भांड्यात जात होतं. बाटली इंदुबाईंची होती. टँकरचं पाणी वाचावं म्हणून तिने ती टाकीत उभी करून ठेवली होती, म्हणजे दर फ्लशला लिटरभर कमी लागे. ती असेपर्यंत बाटली जागेवर राहायची याची काळजी तीच घेत असणार. तेराव्याला घर पाहुण्यांनी भरलं होतं, कुणीतरी फ्लशचा दांडा जोरात ओढला असेल आणि बाटली कलंडली असेल.

नागोरावांनी बाटली काढली, तसं निळं पाणी फरशीवर सांडलं. फुगा टुणकन वर आला. गच्चीवरून हाक आली, "मूठ सरळ आहे आणि चक्र थांबलंय हो!"

महाराज केव्हाच जिन्यात पोचले होते. खाली गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

दिग्विजय ओल्या फरशीवर उभा होता. "पण बाबा, ती खरंच पाणी मागत होती ना?"

"मागत होती. ते मीटरवरून कळायची गरज नाही, मी समोर होतो."

"मग एक घोट..."

"दिग्विजय," कांताबाई म्हणाल्या, "तिच्या अंगातलं पाणी बाहेर पडायला वाट नव्हती. जास्तीचं पाणी फुफ्फुसात साठतं. माणूस कोरड्यावर बुडून मरतो. डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं तुला?"

"सांगितलं होतं," तो म्हणाला. "मी ऐकलं नव्हतं."

दारात माणसं अजून उभी होती. नागोराव त्यांच्याकडे वळले. त्यांना भाषण येत नव्हतं, आवाजही चिडका लागला.

"मीटर फिरतंय म्हणजे पाणी कुठेतरी जातंय. एवढंच. ते कुठे जातंय ते बघा, सगळी दारं उघडून बघा. मी एक दार उघडलं नाही, म्हणून तो माणूस माझ्या घरात शिरला. आणि ते मघाचं वाक्य. मी ते म्हणणार होतो." ते थांबले. "आता ऐका. मी माझ्या बायकोला पाणी मोजून दिलं. डॉक्टरांनी सांगितलं तेवढं, एक घोट जास्त नाही. तिला त्रास झाला, मला झाला. पण मी बरोबर होतो. त्याचं वाईट मला मरेपर्यंत वाटेल आणि त्यावर कसलीही शांती करायची नाहीये. जा आता घरी."

माणसं पांगली. दिग्विजय गेला नाही. त्याने फडकं शोधलं आणि खाली बसून तो फरशीवर सांडलेली नीळ पुसू लागला.