भरतीच्या वेळा

फिटरने ओल्या फडक्याने धक्क्यावरचा फळा पुसला, खडू उचलला, आणि तेवढ्यात धक्क्याकडे येणारी लाँच त्याला दिसली. ही लाँचची वेळ नव्हती. पाणी अजून पुरतं चढलं नव्हतं. म्हणजे ती समोरच्या वाळूला घासत, जिवावर उदार होऊन आली असणार. लाँचवाला एरवी धक्का जवळ आला की दोनदा भोंगा वाजवायचा, एक गावासाठी आणि एक बायकोसाठी, म्हणजे ती भाताला आधण ठेवायला मोकळी. आज भोंगा वाजला नाही. दोर बांधायलाही त्याने फार वेळ लावला. मग टोपी हातात घेऊन तो पायऱ्या चढून आला आणि फळ्यासमोर उभा राहिला.

"बाई कुठायत?" फिटरने विचारलं. डॉक्टर बायकोला गावाबरोबर तोही बाईच म्हणायचा.

"लाँचवर आहेत," तो म्हणाला. "बाळंतपण नीट झालं. मुलगी झाली. हात धुऊन बाई दारातल्या पायरीवर बसल्या. आणि बसल्या त्या बसल्याच."

फिटरने खडू फळ्याखालच्या पट्टीवर ठेवला. अगदी बेताने, काचेचा असावा तसा. मग तो पायऱ्या उतरून लाँचकडे गेला.

त्यानंतरचे दिवस त्याला धड आठवत नव्हते. आठवत होती ती माणसं. पलीकडच्या तिन्ही बेटांवरून इतक्या होड्या आल्या की धक्क्याला जागा उरली नाही. होडीला होडी बांधून लोक एकीतून दुसरीत पाय टाकत किनाऱ्याला लागले. ना नात्याची ना गोत्याची माणसं, पण लेक गेल्यासारखी रडली. पुढेही रोज दुपारी त्याच्या दारात झाकलेलं भांडं असायचं आणि आदल्या दिवशीचं रिकामं भांडं गेलेलं असायचं. कोणी दार वाजवायचं नाही. एके दिवशी त्याच्या लक्षात आलं की दाराची कुरकुरणारी बिजागरी गुपचूप कोणीतरी बदलली आहे. तो स्वतः फिटर. त्याला ते काम बघून कळलं की ज्याने केलं तो काही कारागीर नव्हता. तीन स्क्रू तिरके होते. त्याने ते तसेच ठेवले.

हे सगळं बाईंच्या पुण्याईचं, हे तो जाणून होता. त्याने स्वतः इथे काय केलं होतं? नऊ वर्षांपूर्वी बायकोने या परमुलखातल्या बेटावरची नोकरी धरली, तेव्हा तो कारखान्यातलं फिटरचं काम सोडून तिच्या मागोमाग आला. "आपल्याकडे गल्लीत चार डॉक्टर आहेत," ती म्हणाली होती, "तिथे चार बेटांत एक नाही." पहिल्या वर्षी त्याने दवाखान्यातलं मोडकंतोडकं सगळं दुरुस्त केलं. मग दुरुस्त करायलाही काही उरलं नाही. गावात त्याला नावही नव्हतं. बाईंचा नवरा, बस. त्याचं तोंड उतरलेलं पाहून एके सकाळी तिने त्याच्या पुढ्यात भरतीचं कोष्टक ठेवलं.

"फिटरसाहेब, एवढं कराल का? उद्याची दवाखान्याची वेळ काढायची आणि धक्क्यावरच्या फळ्यावर लिहायची. मला ते आकडे जमत नाहीत."

तिला आकडे जमत नाहीत! औषधाचे थेंब ती झोपेत मोजायची. स्वयंपाकघरात लुडबुडणाऱ्या पोराच्या हातात कणकेचा गोळा द्यावा, तसं तिने आपल्याला गुंतवलंय, हे त्याला तेव्हाच कळलं. त्याने राग धरला नाही. रोज दुपारी जाऊन तो फळा लिहीत राहिला.

ती गेल्यावर तो धक्क्याकडे फिरकला नाही. दोनेक वेळा दवाखान्यातल्या नर्सबाईंनी विचारलं, "काही लिहायचंय का?" त्याने मान हलवली. त्याही पुन्हा बोलल्या नाहीत.

दोन महिन्यांनी नवा डॉक्टर आला. तोही त्यांच्याच देशातला, वय तिशीच्या आत, सोबत बायको आणि पुस्तकांची सहा खोकी. फिटरने आपणहून डॉक्टरांचं घर रिकामं केलं आणि दवाखान्यामागच्या औषधांच्या खोलीत खाट टाकली. त्याची मुलगी मायदेशाहून फोनवर म्हणायची, "बाबा, आता तिथे कोण आहे तुमचं?" तो म्हणायचा, "बघू."

नवा डॉक्टर येऊन महिना होत आला, तेव्हा एका सकाळी तो त्या खोलीच्या दारात उभा राहिला.

"काका, आहात का?"

"आहे की. जाणार कुठे? त्या खोक्यावर बसू नकोस, सलाइन आहे त्यात. इकडे खाटेवर बस."

"सलाइन असून काय, लावायला माणूस नको?" डॉक्टर बसला. "या आठवड्यात सात जण आले. त्यातला एक पत्ता विचारायला."

तीन महिन्यांत पहिल्यांदा फिटरला हसू आलं. डॉक्टर मात्र हसत नव्हता.

"नर्सबाई सांगतात, बाईंच्या वेळी उभं राहायला जागा नसायची. मग माझ्यातच काहीतरी कमी असणार. बाजारात भेटतात, गोड बोलतात. काय होतंय विचारलं की म्हणतात, काही नाही. इतकं निरोगी गाव मी जन्मात पाहिलं नाही." त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला. "मुख्य किनाऱ्यावरच्या कार्यालयाचं पत्र. महिनाअखेरीपर्यंत रुग्णांचा आकडा असाच राहिला, तर इथला कायमचा डॉक्टर काढून घेणार. पंधरा दिवसांतून एकदा कोणीतरी येईल, दोन तास बसेल आणि जाईल."

फिटरने पत्र हातात घेतलं, पण वाचलं नाही. पंधरा दिवसांतून एकदा. आणि मधल्या चौदा दिवसांत ज्या बाईचे दिवस भरले, तिने काय करायचं? बाई येण्याआधी इथे काय व्हायचं, ते त्याने गावातल्या म्हाताऱ्यांकडून ऐकलं होतं. नऊ वर्षं तिने जे उभं केलं ते एका कागदाने आडवं होणार होतं.

"किती दिवस आहेत?"

"अकरा."

फिटरने चपला घातल्या.

लाँचवाला इंजिनाचं झाकण उघडून आत डोकं घालून बसला होता. फिटरला धक्क्यावर पाहून तो इतक्या झटकन उठला की झाकणावर कपाळ आपटलं.

"बसा, बसा. इथे बसा. पाणी देऊ?"

"पाणी नको. लोक दवाखान्यात का येत नाहीत, ते सांग."

"येणार आहेत की."

"कधी?"

लाँचवाल्याने फडक्याला हात पुसले. एकेक बोट वेगळं पुसलं. "तुम्ही सांगाल तेव्हा."

"मी? मी कोण सांगणारा? डॉक्टर रोज सकाळी नऊपासून बसलेला असतो."

"ते इथे माहीत; इथलेही तुमच्यासाठीच थांबलेत. पलीकडे तीन बेटांवर फक्त फळा माहीत. इथून निघताना मी फळा वाचायचा आणि तिकडे जाऊन ओरडायचं, उद्या अमुक वाजता. त्यावर होड्या सुटायच्या. नऊ वर्षं हेच चाललं. आता फळा कोरा. ते विचारतात, आज काही लिहिलंय का? मी म्हणतो, नाही. मग म्हणतात, राहू दे, त्यांचं दुःख ओलं आहे. घाई करायची नाही."

"अरे, पण कोणीही लिहिलं असतं! नर्सबाईंनी, तू..."

"तुम्ही ठेवलेला खडू आम्ही कसा उचलायचा?" लाँचवाला म्हणाला. "माझ्या देखत ठेवलात तुम्ही. माझंच बोलणं ऐकून."

"आणि कोणी आजारी पडलं तर?"

"पडलेत ना. मेहुणा पाय सुजवून बसलाय. आमची म्हातारी म्हणते, बाईंनी आपल्याला नऊ वर्षं ताटकळत ठेवलं नाही, त्यांच्या माणसासाठी आपण तीन महिने थांबलो तर मरत नाही. परवा मरता मरता राहिली."

फिटर दोर बांधायच्या खुंटावर बसला. मग उठून फळ्याशी गेला. खडू त्याने ठेवला होता तिथेच होता; त्यावर धूळ बसली होती, बोटांची खूण मात्र कोणाचीच नव्हती.

कोष्टक त्याच्या खोलीत पडून होतं. पाहायची तशी गरज नव्हती. भरती रोज पाऊणएक तास पुढे सरकते. पूर्ण भरतीच्या तासभर आधी दवाखाना उघडायचा आणि नंतर दोन तासांनी बंद करायचा, म्हणजे होड्यांना वाळूवरून यायलाही पाणी मिळतं आणि परतायलाही. तरी तो खोलीत गेला, कोष्टक पाहून दोनदा हिशोब केला, परत आला आणि लिहिलं: उद्या, दुपारी तीन ते सहा.

"तीन?" मागून येऊन फळा वाचत डॉक्टर म्हणाला. "दवाखान्याची वेळ नऊ ते एक आहे, काका. दारावर कागद लावलाय मी."

"उद्या नऊला समोरच्या वाळूवर घोट्याएवढं पाणी असेल. माणसांनी होडी काय डोक्यावर घेऊन यायचं?"

दुसऱ्या दिवशी अडीच वाजता पहिलं शीड दिसलं. तीनपर्यंत चौदा होड्या आल्या. लाँचवाल्याच्या म्हाताऱ्या आईला दोघांनी हात धरून वर आणलं. फिटरपाशी येताच तिने दोघांचे हात झटकले.

"काय रे, बाईंच्या नवऱ्या, झालं का रडून? तुझ्यापायी माझा गुडघा बघ, भोपळा झालाय नुसता."

"चुकलं माझं, आजी."

"चुकलं म्हणे." तिने त्याच्या गालाला हात लावला. "वाळलास किती! आम्ही पाठवतो ते खातोस की मांजराला घालतोस?" आणि उत्तराची वाट न बघता ती आत गेली.

आतून डॉक्टरची हाक आली. "काका, खुर्च्या! असतील नसतील त्या आणा!" फिटरने खुर्च्या आणल्या, स्वतःची खाटही व्हरांड्यात आणून टाकली. एक्केचाळीस माणसं झाली. सहाला पाणी बरंच उतरलं तरी डॉक्टरला हात धुवायलाही उसंत नव्हती, आणि तोंडावर मात्र लग्नाच्या दिवसासारखा आनंद होता.

महिनाअखेरीला आकडा गेला. आठ दिवसांनी कार्यालयाचं उत्तर आलं, एका ओळीचं: व्यवस्था आहे तशीच चालू ठेवावी. डॉक्टरच्या बायकोने पुस्तकांची खोकी उघडायला घेतली.

त्याच सुमारास एका दुपारी, सगळे होड्यांकडे निघाले असताना, एक तरुण बाई कडेवर मूल घेऊन फळ्याजवळ थांबली. फिटर उद्याची वेळ लिहीत होता.

"बाईंनी हिला हातात घेतलं होतं," ती म्हणाली. "सगळ्यांत आधी त्यांनीच."

फिटरने वळून पाहिलं. मूल गुटगुटीत होतं. खडूकडे टक लावून बघत होतं.

"बाई शेवटचं काय बोलल्या, ते तुम्हाला कोणी सांगितलं का?"

त्याने मान हलवली.

"मी आतून म्हटलं, बाई, दमलात, आज इथेच पडा. तर पायरीवरून म्हणाल्या, छे गं, चहा टाकायला सांग, चहा घेते आणि निघते. फिटरसाहेबांनी आज अडीच लिहिलंय, अडीचला माणसं दारात असतील. त्यांची वेळ चुकत नाही." तिने मुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं. "एवढंच बोलल्या."

फिटरने बोटांवरचा खडू पुसला. मग त्याने विचारलं, "चहा झाला होता का?"

"झाला होता. सासूबाई कप घेऊनच बाहेर आल्या."

खाली लाँचवाल्याने भोंगा वाजवला. ती दोन पायऱ्या उतरली आणि थांबली. "एकदा या ना आमच्याकडे. चहा घ्यायला."

"येईन," फिटर म्हणाला.

नऊ वर्षांत त्या तिन्ही बेटांवर त्याचं पाऊल पडलं नव्हतं. लाँच आता रोज त्याने लिहिलेली वेळ घेऊन तिकडे जाते. त्याचं जायचं अजून राहिलंच आहे.