कै. येसाजी यांची घोंगडी

येसाजी धरणाकाठच्या माल्याला दोन कामांसाठी निघाला होता. एक, कुशाबाकडं ठेवायला दिलेली घोंगडी परत आणायची. दोन, त्याच घोंगडीवर बसायचं आवतण कुशाबाला द्यायचं. आपण वारलो आहोत हे त्याला तिथं पोचेपर्यंत माहीत नव्हतं, त्यामुळं तो तसा आनंदात होता.

घोंगडी बापाची. घरच्याच मेंढरांच्या लोकरीची, काळी, एका कडेला पांढरा पट्टा. येसाजीच्या भावकीत तिचा एक कायदा होता. वहाणा काढून घोंगडीवर बसलं की माणसानं खोटं बोलायचं नाही. खोट्याला तशी बंदी नव्हती, फक्त त्यासाठी उठून खाली जमिनीवर यावं लागायचं. येसाजीचा बाप म्हणे आयुष्यात दारूच्या थेंबाला शिवला नव्हता, पण हे सांगताना तो दर वेळी उठून उभा राहायचा. बाकी वाटण्या, भांडणं, सोयरिकी सगळ्या ह्याच घोंगडीवर मिटल्या. तिच्यावर बसून पोरगी दिली म्हणजे दिली.

येत्या बेस्तरवारी येसाजीच्या पल्लवीची सुपारी फुटायची होती. मुलगा लवळ्याचा, स्वतःची रिक्षा असलेला. सुपारीला पोरीच्या बापाच्या उजव्या हाताला एक माणूस साक्षीला बसतो. तो भावाइतका जवळचा लागतो. येसाजीला भाऊ नव्हता. कुशाबा होता.

दोघांनी जन्मभर मेंढरं एकत्र राखली होती. दसरा झाला की ताम्हिणीचा घाट उतरून कोकणात जायचं आणि पावसाच्या आत वर यायचं. एका भाकरीचे दोन तुकडे, मोठा कुणाला ह्यावरून रोज भांडण. मग कुशाबाच्या गुडघ्यांनी घाटाला नकार दिला आणि त्यानं मेंढरं विकली. गेल्या दसऱ्याला येसाजी एकटाच निघाला तेव्हा कुशाबा वाटेत आडवा आला.

“आरं, बापाची घोंगडी कोकणात कशाला नाचवतूस? हरवंल. माज्याकडं ऱ्हाऊ दे.”

येसाजीनं दिली.

“काठी बी दे. आन म्होरक्या मेंढ्याची घंटा. आन तुजा येक फोटू. आठवण म्हनून.”

“आठवण कशाला? पावसाच्या आत हितंच हाय की मी.”

“तेवढ्यात पन यीती रं,” कुशाबा म्हणाला आणि त्यानं डोळे पुसले. येसाजीला सगळ्या कोकणभर ते डोळे पुसणं पुरलं होतं.

आता उन्हाळा सरत आला होता आणि माल्यात कुशाबाच्या शेळ्यांच्या गोठ्यावर पाटी लागली होती. ‘तळ्याकाठचं मेंढपाळ संग्रहालय’. खाली बारीक अक्षरांत, ‘चहा, भजी व इतिहास मिळेल’. धरणाला तळं म्हणणारी माणसं शहरातून येतात, एवढं येसाजीला ठाऊक होतं. ती माणसं गोठा बघायला पण येतात हे नवीन होतं.

दारात टेबल टाकून कुशाबाची सून उज्वला तिकिटं फाडत बसली होती. येसाजीला बघून ती ताडकन उठली. तिच्या हातातलं तिकीट फाटायचं तिथं न फाटता भलतीकडंच फाटलं.

“तात्या! तुमी?”

“मीच. वाळलोय व्हय लई?”

“न्हाई, म्हंजे... कोकणातनं कवा आलासा? बसा की हितंच. भजी आणते.”

“कुशाबा कुटंय?”

“आत हायेत. पन आत नका जाऊ. आत ते... पावणं हायेत.”

“मग मी कोन हाय?”

ह्या प्रश्नावर उज्वलानं जमिनीकडं बघितलं. येसाजीला वाटलं, तिकिटाचं अवघड झालंय बिचारीला. म्हणून तो म्हणाला, “घरच्याला कसलं तिकीट,” आणि आत गेला.

आत पंखा होता. गोठ्यात शेळ्या होत्या तेव्हा पंखा नव्हता. भिंतीला बांबूच्या टोपल्या, दुधाची कासंडी, मेंढरं कातरायची कात्री. मधोमध लाल दोरी लावलेला एक ओटा, ओट्यावर येसाजीची घोंगडी अंथरलेली, तिच्या कडेला येसाजीची काठी, काठीला येसाजीच्या मेंढ्याची घंटा. कापसाच्या दोन मेंढ्या. आणि मागं एक पुतळा. गणपतीच्या कारागिराकडून रिकाम्या दिवसांत करून घेतलेला असावा, कारण पोट सुटलेलं होतं, डोळे कृपाळू होते आणि उजवा हात आशीर्वादाला वर होता. पुतळ्याच्या गळ्यात चंदनाचा हार होता. पायाशी पाटी होती.

येसाजी सावकाश वाचायचा. ‘कै. येसाजी. ह्या भागातले अखेरचे मेंढपाळ.’ कै. म्हणजे काय हे कळायला शाळा लागत नाही, चौकातले फ्लेक्स पुरतात. त्यानं तरी दोनदा वाचलं.

पुतळ्यासमोर एक जोडपं उभं होतं. मनीष आणि अनुष्का, राहायला भुकूमला, नोकरी कंप्युटरची, मूळचे अमरावतीकडचे. रविवार साधून ते तळ्याकाठची छोटी संग्रहालयं बघत हिंडत होते. सकाळी त्यांनी कंदिलांचं संग्रहालय केलं होतं. तिथं लाइट गेल्यामुळं मालकानं सगळे कंदील मोबाइलच्या उजेडात दाखवले. मग भातवाणांचं केलं होतं, जिथलं निम्मं उंदरांनी आधीच करून टाकलं होतं. त्यामुळं हे तिसरं त्यांना फार आवडत होतं.

त्यांच्यासमोर फेटा आणि पांढरे बूट घालून कुशाबा बोलत होता. शहरी मराठी बोलत होता. नवे बूट चावतात तशी ती त्याला जागोजागी चावत होती.

“त्या दिवशी धरणाला लाटा होत्या. एक कोकरू पाण्यात गेलं. मी म्हणालो, येसाजी, जाऊ नको. तो म्हणाला, कुशाबा, कोकरू म्हणजे लेकरू. आणि त्यानं उडी घेतली.”

“बापरे,” अनुष्का म्हणाली.

“कोकरू वर आलं. येसाजी आला नाही.” कुशाबानं डोळे पुसले. अगदी दसऱ्याला पुसले होते तसेच, आधी डावा, मग उजवा. “जाताना एवढंच म्हणाला, माझी घोंगडी सांभाळ.”

मागं उभ्या येसाजीला हुंदका आला. त्याला पोहता येत नव्हतं, तो पाण्यात कधी गुडघ्याच्या वर गेला नव्हता, पण गडी ज्या तऱ्हेनं मेला ती तऱ्हा चांगली होती. कुणालाही वाईट वाटलं असतं. मग त्याला आठवलं की हे आपल्याबद्दल चाललंय.

“आन कोकराचं काय झालं?” त्यानं विचारलं.

कुशाबा वळला. क्षणभर त्याचा चेहरा खऱ्या कुशाबासारखा झाला. येसाजीला वाटलं, आता हा हसंल, शिवी देईल, मिठी मारंल आणि म्हणंल, आला का रं मुडद्या.

“हे,” कुशाबा पाहुण्यांना म्हणाला, “आमचे कलाकार.”

“मी येसाजी हाय,” येसाजी म्हणाला.

अनुष्कानं टाळ्या वाजवल्या. “किती मस्त! लाइव्ह आहे का हे? मला सांगितलंच नाही कुणी.”

मनीष पुतळ्याकडं आणि येसाजीकडं आळीपाळीनं बघत होता. तो हिशेबानं चालणारा माणूस होता. “अभिनय चांगला आहे काकांचा,” तो हळूच कुशाबाला म्हणाला, “पण अंगानं जुळत नाहीत. मूळ येसाजी जरा भरलेले होते ना?”

“मिळंल तो घ्यावा लागतो साहेब,” कुशाबा म्हणाला. “तुम्ही तोवर ती मेंढरं कातरायची कात्री बघा. हातात धरून फोटो काढला तरी चालतो.”

पाहुणे कात्रीकडं गेले. कुशाबानं येसाजीला दंडाला धरून टोपल्यांच्या आड नेलं.

“मारलंस मला?” येसाजी म्हणाला.

“हळू बोल. आरं, मुद्दाम न्हाई. लोक इचारायचे, हे घोंगडीवालं कुटं असत्यात? मी म्हनायचो, कोकणात गेल्यात, येत्याल. तर त्यांची तोंडं पडायची. म्हनायची, बरं. येकदा चुकून तोंडातनं गेलं, वारले. तर बाई ढसाढसा रडली रं! फुडच्या ऐतवारी मैत्रिनींना घिऊन परत आली. जित्या मेंढपाळाला कोन बगायला येतंय? तो रस्त्यावर फुकट दिसतोय. वर त्याच्या मेंढरांमुळं गाडी थांबती म्हनून शिव्या देत्यात.”

येसाजीला ह्यातलं कोकरू सोडून सगळं पटत होतं. तीच अडचण होती. कुशाबाचं बोलणं त्याला आयुष्यभर पटत आलं होतं.

“बरं, ऱ्हाऊ दे,” तो म्हणाला. “मी भांडायला न्हाई आलो. बेस्तरवारी पल्लवीची सुपारी हाय. घोंगडी दे आन तू ये. माज्या उजव्या हाताला तूच.”

कुशाबाच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. ह्या खेपेला दोन्हीत एकदम आलं, त्यावरून ते खरं असावं.

“पल्लवी येवढी झाली?”

“झाली.”

“मी यीन. यीन म्हंजे काय, पळत यीन.” मग त्यानं फेटा सारखा केला. “पर बेस्तरवारी शाळेची सहल हाय हितं. दोन बशी. घोंगडी गेली तर दाखवू काय? आन लवळ्याची मान्सं म्हंजे ह्याच रस्त्यावरची. तू जिता हाइस ही बोंब झाली तर माजं दुकान बसलं. येसाजी, येक करशील?”

“काय?”

“तू बसू नकोस सुपारीला. सहल गेली की मी बसतो. बाप न्हाई म्हनल्यावर चुलत्यानं पोरगी दिली, लोक कौतिक करत्यात. तू आत थांब, च्या पी. आन पत्रिका छापशील तवा तुज्या नावाम्होरं कै. लाव. येवढंच. दोन अक्षरं बी न्हाईत, येकच हाय.”

येसाजीनं त्याच्याकडं बघितलं. हा थट्टा करत असता तर बरं झालं असतं. जन्मभर त्यानं थट्टाच केली होती. पण कुशाबा विनवणी करत होता. मोठा तुकडा मागताना करायचा तशी.

येसाजीनं वहाणा काढल्या. लाल दोरी ओलांडली. ओट्यावर चढून तो घोंगडीवर मांडी घालून बसला. घंटा वाजली.

“हात लावू नये अशी पाटी आहे काका,” मनीष कात्री खाली ठेवून म्हणाला.

“हात न्हाई लावला,” येसाजी म्हणाला. मग त्यानं घोंगडीवर आपल्या उजव्या बाजूला थाप मारली. थोडी धूळ उडाली. “कुशाबा. हितं ये. बूट काड, हितं बस, आन ह्या पावन्यांना सांग मी कोन हाय. तू बसून म्हनलास येसाजी मेला, तर मी मेलो. पुन्यांदा माल्याचं तोंड बगनार न्हाई.”

अनुष्कानं मोबाइल वर धरला. दारात उज्वला येऊन उभी राहिली. कुशाबा जागेवरच होता. पंखा फिरत होता.

मग कुशाबा वाकला आणि त्यानं एक बूट काढला.

येसाजीचा जीव भांड्यात पडला. दुसरा बूट काढायला कुशाबाला वेळ लागला, गाठ बसली होती, पण त्यानं तो काढला. दोन्ही बूट भिंतीशी नीट लावले. दोरी ओलांडून तो ओट्यावर चढला, गुडघ्यांवर हात ठेवून कण्हला आणि बसला.

पण ओट्याच्या फरशीवर बसला. घोंगडीच्या पांढऱ्या पट्ट्यापासून वीतभर लांब, धोतराचा सोगा आवरून, लोकरीचं एक केसही अंगाला लागू न देता.

“अशा रीतीनं,” कुशाबा पाहुण्यांना शहरी मराठीत म्हणाला, “कै. येसाजी बसत असत.”

टाळ्या वाजल्या.

येसाजी उठला. त्यानं घोंगडी गोळा केली, खांद्यावर टाकली, काठी घेतली. घंटा काठीसकट आली. कुशाबा त्याला अडवू शकत नव्हता. कलाकाराला मधेच कसं अडवणार? तो फरशीवर बसल्या बसल्या म्हणाला, “आणि असे ते संध्याकाळी मेंढरांच्या वाड्याकडं निघत,” पण ह्या वाक्याला आवाज लागला नाही. आणखी टाळ्या वाजल्या. अनुष्का डोळे पुसत होती. येसाजी टाळ्यांतून बाहेर पडला. दारात उज्वला बाजूला झाली आणि तिनं वाकून नमस्कार केला. जित्याला करतात तसा की हार घातलेल्याला करतात तसा, हे त्याला विचारावंसं वाटलं नाही.

बेस्तरवारी अंगण सारवून घोंगडी अंथरली. पाव्हण्यांसमोर येसाजी बसला. नवऱ्या मुलाचा चुलता गेणबा, त्यांच्या बाजूचा बोलता माणूस, सुपारी हातात घेऊन थांबला. येसाजीच्या उजव्या हाताला घोंगडी रिकामी होती. त्या जागी कुणी बसू नये म्हणून येसाजी सकाळपासून दोन पोरं आणि एक कुत्रं हाकलत होता.

“हितं कोन बसायचं?” गेणबानं विचारलं. “येतोय का कोनी?”

“हिकडं कुशाबा बसायचा,” येसाजी म्हणाला.

“मग थांबू की. कुटंय?”

दाराच्या चौकटीला टेकलेल्या तुकाबाईनं, येसाजीच्या बायकोनं, नवऱ्याकडं बघितलं. माल्यात काय झालं ते त्यानं तिला सांगितलं नव्हतं. कामात असंल, येवढंच म्हणाला होता, आणि म्हणताना उभा होता.

येसाजीनं एक गुडघा वर घेतला. हात जमिनीला टेकवला. त्याचा बाप उठायचा तसा तो निम्मा उठला. मग काय वाटलं कुणास ठाऊक, परत खाली बसला आणि मांडी सारखी केली.

“वारला,” तो म्हणाला.

“आरारा,” गेणबा म्हणाला. “कवा?”

“ऐतवारी.”

तुकाबाईनं येसाजीच्या पायांकडं बघितलं. दोन्ही घोंगडीवर होते. तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला, आत गेली आणि कुशाबासाठी काढून ठेवलेला च्याचा कप परत फळीवर ठेवला.