चौथीचा वर्ग वर आहे

ठकी तिसरीच्या वार्षिक परीक्षेत गणितात नापास झाली, यावर तिच्या आईचा विश्वासच बसेना. आई हातमशीनवर लोकांचे कपडे शिवी, जुने उसवून मापात बसवून देई, आणि ठकी शेजारी बसून मशीनच्या चाकाबरोबर पाढ्यांची गाडी पळवी. असली पोरगी नापास होते म्हणजे बाईंचेच डोळे तपासायला हवेत, असं तणतणत आई चाकांची खुर्ची ढकलत शाळेत गेली. सात वर्षांपूर्वीच्या अपघातापासून तिचे पाय नुसते नावाला होते. हात आणि जीभ मात्र दोन माणसांच्या वाटणीचं काम करत.

शाळा दुमजली. तिसरीपर्यंतचे वर्ग खाली, चौथीपासूनचे वर, मध्ये बावीस पायऱ्या. लिफ्ट गेली पाच वर्षं 'पुढच्या वर्षी' बसणार होती. महिन्यातून एकदा पालकांना वर्गात बसू देत, आणि ठकीच्या आईने तो दिवस कधी चुकवला नाही. तिसरीच्या दारातून खुर्ची नेताना चौकटीला तिची बोटं खरचटत. पण एकदा आत गेली की ती शेवटच्या बाकाशेजारी अशा ऐटीत बसे, जणू शाळा तिच्याच मालकीची आहे.

वर ती एकदाच गेली होती, गेल्या वर्षी, मुलांच्या नाटकाला. दोघा पालकांनी तिला खुर्चीसकट उचललं, वळणावर एकाचा हात निसटला आणि ती कलंडली. लागलं फारसं नाही. ती कपडे सावरेपर्यंत सगळ्यांनी माना फिरवल्या, ते जास्त लागलं. घरी येऊन ती ठकीदेखत म्हणाली होती, "मेले तरी पुन्हा त्या जिन्याचं तोंड बघणार नाही."

बाई पेपर घेऊन खाली आल्या. "ताई, मलाही नवल वाटलं. पण बघा ना, दहातली आठ गणितं चुकलीत."

आईने पेपर हातात घेतला. उसवलेल्या शिवणीची खूण बोटांनी हुडकायची तिची रोजची सवय. चोपन्नाच्या आकड्यावर बोट अडखळलं. कागद तिथे खरबरीत झाला होता. तिने पान उजेडात तिरपं धरलं. चोपन्नाखाली छप्पन्न उमटलेलं होतं. पुढच्या उत्तराखालीही तसंच. आठही गणितं आधी बरोबर होती.

तिने ठकीला जवळ बोलावलं. "ठके, बरोबर लिहून मग खोडलंस का गं?"

ठकी बुटांकडे बघत राहिली. "चौथी वर आहे."

"मग?"

"तूच म्हणालीस ना, मेले तरी वर येणार नाही."

आईला आपली जीभ हासडून टाकावीशी वाटली. बाई खिडकीबाहेर बघू लागल्या. मग हळूच म्हणाल्या, "मी उद्या पुन्हा पेपर घेते. खाली रंगकाम चाललंय, वरच घ्यावा लागेल."

घरी आल्यावर आई म्हणाली, "उद्या सगळं बरोबर लिहायचं."

"मग तू येशील वर्गात?"

हो म्हणणं किती सोपं होतं! पण या पोरीने तिचा एक शब्द खरा धरून वर्ष घालवायची तयारी केली होती. "नाही गं. लिफ्ट होईपर्यंत नाही."

"लिफ्ट तर होतच नाही."



दुसऱ्या दिवशी ठकी जिना चढली. वळणावर थांबून तिने खाली पाहिलं. आईने हाताने खूण केली, जा. ठकी दिसेनाशी झाली आणि आई पायऱ्यांशी बसून राहिली. अर्ध्या तासाने तिच्या मनात आलं, खोडू दे तिला. अजून एक वर्ष तरी मिळेल. त्या विचाराची तिला स्वतःचीच लाज वाटली, तरी तो जाईना.

तासाभराने ठकी उतरली.

"सगळं बरोबर लिहिलं," ती म्हणाली. "खोडरबर आधीच बाईंना देऊन टाकला होता. नाहीतर मी पुन्हा खोडलं असतं."

आईने 'शाबास' म्हणायला तोंड उघडलं आणि तिला हुंदका फुटला. ठकीने तिच्या मांडीत डोकं खुपसलं. वरून मुलं उतरत होती, दोघींना वळसा घालून जात होती.