तात्यांचं शेवटचं पान

तात्या गेले तेव्हा त्यांचा तत्त्वज्ञानावरचा ग्रंथ एका वाक्याच्या मध्यावर थांबला होता. साताऱ्यात त्यांच्याशी वाद घालून कुणी जिंकल्याचं ऐकिवात नव्हतं, पण मरणाने त्यांना वाक्यसुद्धा पुरं करू दिलं नाही. ग्रंथ छापून घेण्याचं काम अर्थातच गोपाळकृष्णांच्या गळ्यात पडलं. ते तात्यांचे पट्टशिष्य, सांगलीला विश्रामबागेतल्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचे. उभी हयात गुरूपुढे मान डोलावण्यात गेल्यामुळे त्यांचं स्वतःचं असं एकही पुस्तक नव्हतं.

दोन वर्षं खपून त्यांनी तात्यांचं गिचमिड अक्षर लावलं, पानोपानी तळटीपा दिल्या. शेवटाला आल्यावर छापखान्याचा मालक आकाराम अडून बसला.

"सर, पुस्तक आसं मदीच तुटलं तर लोक म्हणतील, आकारामानं पान खाल्लं. कायतरी शेवट द्या."

गुरूचं अपुरं काम शिष्याने पुरं करायचं ही आपल्याकडची जुनीच चाल, अशी मनाची समजूत घालून गोपाळकृष्णांनी एका बैठकीत शेवटचं पान लिहून टाकलं. प्रस्तावनेत तसं सांगायचं त्यांच्या मनात होतं, पण ती तोवर छापूनही झाली होती.

चौऱ्याहत्तर साली पुस्तक निघालं. पुण्याच्या एका टीकाकाराने लिहिलं की संपादकाच्या तळटीपांनी ग्रंथ पार गुदमरला आहे; शेवटचं पान तेवढं त्यांच्या तावडीतून सुटलं, आणि तेच तात्यांच्या प्रतिभेचं शिखर. गोपाळकृष्णांच्या अंगाचा तिळपापड झाला. जन्मात एकच पान झकास लिहिलं आणि तेही दुसऱ्याच्या नावावर गेलं. दुसऱ्या आवृत्तीत खरं काय ते छापायचंच, असं ठरवून त्यांनी साताऱ्याची एसटी धरली. तात्यांच्या पत्नीच्या, पद्माकाकूंच्या कानावर आधी घालणं भाग होतं.

काकूंनी पोहे पुढे ठेवले. पाहुणा विषय काढणार तोच त्यांनी पुस्तक उघडून शेवटच्या पानावरचं वाक्य मोठ्याने वाचलं: 'एवढे सारे लिहूनही माझे चुकले असण्याचा संभव आहे.' दीर-जावा, शेजारीपाजारी, दूधवाला, सगळ्यांना ते ऐकवून झालं होतं.

"चाळीस वर्षं संसार केला," काकू म्हणाल्या, "पण एवढं वाक्य काही ह्यांच्या तोंडून कधी निघालं नाही."

गोपाळकृष्णांना पोह्यांचा ठसका लागला. काकूंनी पाण्याचा पेला पुढे सरकवला.

"तुझं आहे ना रे ते?"

त्यांनी मान डोलावली. ती कला त्यांना चांगलीच अवगत होती. मग धीर करून, दुसऱ्या आवृत्तीत तसं छापावं म्हणतो, असं त्यांनी सांगितलं. काकूंनी पुस्तक मिटून मांडीवर घट्ट धरलं.

"गोपाळा, तू अजून पानं लिहिशील. ह्यांना आता चूक कबूल करायची दुसरी संधी कुठली?"

गोपाळकृष्णांना हसू आलं आणि हसता हसता डोळे भरले. ते पान आता आपलं राहिलं नाही, हे त्यांना कळून चुकलं.

दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा तिच्यातून फक्त तळटीपा गेल्या होत्या.