बाई पडल्या त्याची गोष्ट

बाई सायकलवरून पडल्याच नव्हत्या. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे कुणी ऐकून घेणार नाही.

झालं ते एवढंच. सकाळी बाई नेहमीसारख्या गावाबाहेरच्या तलावाकडे निघाल्या होत्या. बांधावरच्या कच्च्या वाटेत एक रानडुकरीण आडवी आली, मागे पाठीवर पट्टे असलेली पिल्लं. बाईंनी ब्रेक दाबला, एक पाय खाली टेकवला आणि श्वाससुद्धा जपून घेतला. डुकरिणीनं एकदा मान वळवून बघितलं, जिन्यात शेजारीण बघते तसं, आणि ती लव्हाळ्यात शिरली. शेवटचं पिल्लू सायकलच्या चाकाचा वास घ्यायला थांबलं, मग आईमागे पळालं. बाई कितीतरी वेळ तशाच उभ्या होत्या. निवृत्त झाल्यापासून इतकं चांगलं काही त्यांच्या वाट्याला आलं नव्हतं.

पण ही काही गोष्ट झाली नाही. जन्मभर पोरांसमोर उभं राहिलेल्या बाईंना ते बरोबर कळत होतं. पोरं "मग?" विचारतात. डुकरीण आली. मग? गेली. मग? मग काही नाही. असं सांगितलं की पोरं चपला शोधायला लागतात.

म्हणून रविवारी वाचनालयाच्या बालविभागात, गोष्टीच्या तासाला, बुटक्या कपाटांच्या मधोमध, बाई पडल्या. दणदणीत पडल्या. हँडलवरून उडाल्या, बांधाच्या उतारावरून गडगडत गेल्या, चिखलात मानेपर्यंत रुतल्या. चष्मा झाडावर जाऊन लटकला. डुकरीण आली, तिनं बाईंचा बूट हुंगला आणि नाक मुरडून निघून गेली. बाईंनी ते नाक मुरडून दाखवलं तेव्हा पोरं हसून हसून आडवी झाली.

मग नेहमीचा शेवट. बाईंचा हा नियम शाळेपासूनचा: गोष्ट संपली की सगळ्यांनी एका सुरात विचारायचं, "खरंच?" आणि बाईंनी चष्मा काढून, पोरांच्या डोळ्यांत बघून म्हणायचं, "अगदी खरं." बोलणारा बेडूक असो नाहीतर ढगांना टाके घालणारा शिंपी, उत्तर तेच. टक्कल पडलेले विद्यार्थीसुद्धा बाजारात लांबून ओरडायचे, "बाई, खरंच?" आणि बाई भाजीवाल्याकडचे सुटे पैसे सोडून उत्तर द्यायच्या.

मागच्या खुर्च्यांवर पालक होते. त्यातल्या एका आईनं सगळं फोनवर टिपलं आणि ग्रुपवर टाकलं, "या वयात काय हा उत्साह!" लोकांनी टाळ्यांची चित्रं पाठवली. फिरत फिरत ते संध्याकाळपर्यंत बाईंच्या मुलाकडे पोचलं.

मुलगा विमा कंपनीत होता. दिवसभर लोकांचे अपघात खरे की खोटे ते तपासायचा. आता अपघात आयताच घरात सापडला होता.

"बाई, बसा," तो म्हणाला.

लहानपणी तो त्यांच्याच वर्गात होता, आणि वर्गात आई म्हणायचं नाही अशी बाईंची सक्त ताकीद होती. त्याचा सूड तो अजून घेत असे. रागावला की आईची बाई व्हायची.

"अरे, चहा तरी घे आधी."

"चहा नको. हे काय आहे?" त्यानं फोन समोर धरला. फोनमधल्या बाई गडगडत होत्या.

"गोष्ट आहे."

"अगदी खरं म्हणालीस तू शेवटी."

"ते मी नेहमीच म्हणते."

तेवढ्यात सून हात पुसत बाहेर आली. "तरीच! आई, तुमचा गुडघा खरचटलाय तो याच्यामुळे होय? मी विचारलं तर म्हणालात, काही नाही, काही नाही."

गुडघा शनिवारी बॅडमिंटनच्या कोर्टवर खरचटला होता. जोडीदारीण म्हणत होती, जाऊ दे पॉइंट. बाईंनी आयुष्यात कुणाला पॉइंट जाऊ दिला नव्हता. पण हे आत्ता सांगितलं तर सायकल वाचणार आणि बॅडमिंटन जाणार. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे मुलगा उभा.

"एका शब्दात सांग," तो म्हणाला. "पडलीस की नाही?"

दारात नात येऊन उभी राहिली होती. दुसऱ्या इयत्तेतली, पुढचे दोन दात पडलेली. ती गोष्टीला सगळ्यांत पुढे बसली होती, आणि घरी येताना तिनं मैत्रिणीला बजावलं होतं, "माझी आजी खोटं सांगतच नाही. पाहिजे तर तिला विचार." बाईंनी ते ऐकलं होतं. आत्ता ती आजीकडे टक लावून बघत होती, आणि तिच्या ओठांवर तो शब्द तयार होता.

"खरंच ना गं आजी?"

बाईंनी चष्मा काढला. "अगदी खरं."

नात खुदकन हसली. मुलानं फोन खिशात ठेवला.

दुसऱ्या दिवशी बाई आंघोळीहून आल्या तर जिन्याखालची जागा रिकामी. सायकल पेपरवाल्याला देऊन टाकली होती. "फुकट दिली हो आई," सून समजुतीनं म्हणाली, "गरजू माणूस आहे, दुवा देईल." पेपरवाल्यानं दुवा दिला की नाही कोण जाणे. तो रोज सकाळी त्याच सायकलवरून यायचा आणि खिडकीखाली घंटी वाजवायचा. घंटी बाईंनी स्वतः निवडून बसवलेली होती, वळणावर पाखरं दचकू नयेत म्हणून हलक्या आवाजाची.

नुसती सायकल गेली असती तर बाईंनी दुसरा काही उद्योग काढला असता. पण तलावाच्या पलीकडच्या टोकाला, खडकाच्या कपारीत, पाणमांजरीनं पिल्लं घातली होती. हे बाईंशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. पाणमांजरीची शिट्टी ऐकून, वाळूतली माशांची खवलं बघून त्यांनी ते ताडलं होतं. आज ना उद्या ती पिल्लांना पहिल्यांदा पाण्यात उतरवणार होती. पिल्लांना पोहायला येत नाही. आई मानेला धरून ओढते, आणि ती बोंबलतात. असं बाईंनी वाचलं होतं, बघितलं नव्हतं. पोहायच्या तासाला बोंबलणारी पोरं त्यांनी पुष्कळ बघितली होती, पण ही बघायची राहिली होती. तिथे गाडी जात नाही. आणि चालत जायचं म्हटलं तर बाईंचे पाय सायकलवर जेवढे आज्ञाधारक, तेवढे जमिनीवर नव्हते.

"मी नेतो की तुला," मुलगा म्हणाला, आणि खरोखरच एका रविवारी घेऊन गेला. बांधाच्या अलीकडे गाडी उभी केली. काच खाली केली.

"कुठे आहेत तुझी मांजरं?"

"इथून दिसत नाहीत. पलीकडे जावं लागतं."

"इथूनही छान आहे की. हवा बघ." त्यानं हवा खाल्ली, दोन फोन केले आणि मागून येणाऱ्या मोटारसायकलला हॉर्न दिला. पाण्यावरची सगळी बदकं उठली. "बघ! किती पक्षी!" तो म्हणाला. तो मनापासून म्हणाला, म्हणून बाईंनीही मान डोलावली.

त्या संध्याकाळी मात्र त्यांनी ठरवलं. नात झोपायला गेल्यावर त्या मुलासमोर बसल्या, उशिरा आलेल्या पोरासारख्या हात मांडीवर ठेवून.

"मी पडले नव्हते. डुकरीण आली आणि गेली. मी नुसती उभी होते."

मुलानं बायकोकडे बघितलं. बायकोनं त्याच्याकडे.

"मग गुडघा?" सुनेनं विचारलं.

"बॅडमिंटन."

"म्हणजे बॅडमिंटनमध्ये पडलात."

"पडले नाही, झेप घेतली."

"आई," मुलगा म्हणाला. आता तो बाई म्हणत नव्हता. त्याचा आवाज एकदम मऊ झाला, आणि बाईंना भीती वाटली ती तेव्हा. "आधी म्हणालीस पडले. आता म्हणतेस नाही पडले. तुला नक्की आठवतंय ना?"

"मला सगळं आठवतंय. सातवीत तू भूगोलात काय दिवे लावलेस तेही आठवतंय."

"जुनं आठवतंच रे," सून नवऱ्याला हळूच म्हणाली, बाई समोर नसल्यासारखी. "नवं विसरायला होतं."

डॉक्टरही बाईंचाच विद्यार्थी. खोखोच्या संघात होता, बाद झाला तरी मैदान सोडायचा नाही. बाई आत आल्या तसा तो खुर्चीवरून उठून उभा राहिला. त्यांना पाच शब्द सांगून थोड्या वेळानं परत विचारले. बाईंनी पाचही सांगितले, वर त्यांची गोष्ट करून दिली. मुलाकडून व्हिडिओ बघून झाल्यावर डॉक्टरनं हात जोडल्यासारखे केले.

"काय सांगता हो बाई तुम्ही गोष्ट! अजून तशीच!" मग खुर्ची जवळ ओढली. "पण आता मला सांगा, पडलात की नाही?"

"नाही."

"मुलांना तर म्हणालात अगदी खरं."

"अरे, तूही विचारायचास ना? ढगांच्या शिंप्याचं? तेव्हा काय तो खरा होता?"

डॉक्टरनं पेनाचं टोपण काढलं. "मला वाटायचं," तो म्हणाला, "खराच आहे." आणि लिहायला लागला. सायकल बंद. कोर्ट बंद. एकटीनं बाहेर जाणं बंद. बाई तोंड उघडणार तोच तो हसून म्हणाला, "बाई, तुम्हीच शिकवलंत. पंचानं शिट्टी मारली की वाद घालायचा नाही."

बाईंनी वाद घातला नाही. चांगलं शिकवलं की असं होतं.

आठवड्याभरात घरात जागच्या जागी चालणारी सायकल आली. मुलानं ती बाईंच्या खोलीत खिडकीशी लावून दिली. समोर छोटा पडदा, त्यावर जंगलातला रस्ता मागे मागे पळायचा. "बघ आई, यावर पडायची भीतीच नाही!" पडद्यावर कधी कोणी आडवं येत नसे. बाई रोज सकाळी पाय मारायच्या, खाली पेपरवाल्याची घंटी वाजायची, आणि पलीकडे तलावावर जे काही व्हायचं होतं ते त्यांच्यावाचून होत असणार.

गोष्टीचा रविवार तेवढा राहिला होता, सून सोबत सोडायला आणि न्यायला. बाईंनी ठरवून टाकलं: आज डुकरिणीची गोष्ट जशी घडली तशी सांगायची. पोरांना पटली की पोरं घरी सांगतील. मोठ्यांनी आजवर त्यांचं जे काही ऐकलं ते पोरांकडूनच.

त्यांनी जीव ओतून सांगितलं. लव्हाळ्याची सळसळ, पिल्लांच्या पाठीवरचे पट्टे, चाक हुंगणारं ते ओलं नाक, आपला अडकलेला श्वास. कुठेही मीठमसाला नाही. इतकी चांगली गोष्ट त्यांनी क्वचितच सांगितली असेल.

"मग?" एक मुलगी म्हणाली.

"मग ती गेली."

"आणि तुम्ही पडलात ना?"

"नाही. मी पडलेच नव्हते. मागच्या वेळी ते मी रचून सांगितलं होतं."

पोरांमध्ये चुळबुळ झाली. कुणीतरी म्हणालं, "असं कसं? चष्मा झाडावर गेला होता." दुसरं म्हणालं, "चिखल!" मागे पालकांच्या खुर्च्यांवर सुनेनं शेजारणीच्या कानात काहीतरी सांगितलं आणि शेजारणीनं च्च केलं.

तेव्हा नात उठून उभी राहिली. पडलेल्या दातांच्या जागी आता नवे दात डोकावत होते. पोरांकडे तोंड करून ती म्हणाली, हळू, समजावून, अगदी तिच्या बाबांसारखी, "माझी आजी आता विसरते. तिला हसायचं नाही. आपण तिला आठवण करून द्यायची."

आणि पोरांनी आठवण करून दिली. एकानं ब्रेक दाबला, दुसरा हँडलवरून उडाला, सगळी मिळून गडगडत गेली. बाईंचाच शब्द न् शब्द, थांबायच्या जागा त्याच, हात तसेच. डुकरिणीचं नाक मुरडायला तर तीन जणी पुढे आल्या. बाई बघत राहिल्या. गोष्ट बांधली मात्र पक्की होती. कुठूनही उसवत नव्हती.

संपल्यावर सगळी पोरं त्यांच्याकडे वळली आणि एका सुरात ओरडली, "खरंच?"

बाईंनी चष्मा काढला. पुसला. परत घातला.

पोरं वाट बघत होती. नातीनं थोडा वेळ धीर धरला. मग ती आजीच्या खुर्चीशी आली, रस्ता ओलांडताना म्हाताऱ्या माणसांचा धरतात तसा तिनं बाईंचा हात धरला, आणि त्यांच्या वतीनं सगळ्यांना सांगून टाकलं.

"अगदी खरं."