तिरकी तुटलेली पट्टी

मित्रांनो, मी स्फटिकाची एक जुनी पट्टी आहे. नखाएवढी रुंद, पोस्टकार्डाहून पातळ. आता माझे दोन तुकडे एका डबीत पडून आहेत.

मी आणि माझी जुळी बहीण एकाच चकतीतून निघालो. तिला स्फटिकाच्या थरांना धरून सरळ कापले, मला तिरके. दिसायला आम्ही एकसारख्या, म्हणून प्रयोग करणाऱ्या ताईंनी माझ्या कोपऱ्यावर बारीक खाच पाडली. तेवढीच माझी ओळख.

आम्हाला धुऊन-पुसून ठेवणारे काका हसायचे. "ताई, या जुळ्यांना सख्खी आईसुद्धा ओळखायची नाही."

"मी ओळखते ना, काका."

मग मोजणी सुरू झाली. एक टोक घट्ट धरून आमच्या एका बाजूवर धातूच्या वाफेचा पातळ थर बसवत. पृष्ठभागावर ताण आला की आम्ही वाकायचो आणि आमच्यावर पडून परतलेल्या लाल प्रकाशाचा ठिपका भिंतीवर सरकायचा. जी कमी वाकेल, ती जशी कापली होती तसाच, सरळ किंवा तिरका, तान्ह्या बाळांच्या श्वासयंत्रातला पडदा कापायचा होता. पडदा जास्त वाकला, तर यंत्र बाळाचा श्वास चुकीचा मोजणार.

मी जास्त वाकले. पण वहीत ते बहिणीच्या नावावर लिहिले गेले. माझ्या कोपऱ्यावर खाच उरलीच नव्हती. धुऊन परत ठेवताना आम्ही एकमेकींच्या नावाच्या पाकिटात गेलो होतो. मला सगळे कळत होते, तोंड मात्र नव्हते.

सह्या झाल्या. पडदे माझ्यासारखे तिरके कापायला सुरुवात झाली.

तरी ताईंना चैन पडेना. आज सकाळी त्यांनी मला पुन्हा यंत्रात धरले. ठिपका सरकत गेला, सरकत गेला, आणि मी तुटले. कडेपासून कडेपर्यंत, तिरकी.

ताईंनी तुकडे एकमेकांना जुळवून पाहिले. "सरळ कापलेली पट्टी आडवी तुटते," त्या हळूच म्हणाल्या. "काका, हिच्या कोपऱ्यावरची खाच कुठे गेली?"

"ती खाच होती? मला वाटलं टवका उडालाय. तिथूनच चीर जाते, म्हणून घासून गुळगुळीत केला." काकांचा हात पुसायच्या फडक्यावरच राहिला. "जपायलाच गेलो हो मी."

कापण्याचे काम तेव्हाच थांबवले. पण एक पडदा काल संध्याकाळीच श्वासयंत्रात बसून इस्पितळाकडे रवाना झाला होता.

मित्रांनो, दुसऱ्याच्या अंगावरची खूण पुसण्याआधी एकदा विचारत जा. मायेने पुसत असलात, तरीही. ताई केव्हाच्या फोन कानाला लावून उभ्या आहेत. पलीकडे घंटी वाजते आहे, आणि अजून कोणी उचललेला नाही.